ऑनलाइन लिलावात वस्तू विकणे

ऑनलाइन लिलाव म्हणजे वस्तूचे फोटो आणि माहिती वेबसाइटवर टाकायची, पहिली बोली कितीपासून आणि मुदत किती दिवसांची ते ठरवायचं, आणि मुदत संपली की ज्याची बोली सगळ्यात वर त्याला वस्तू पाठवायची. एक वार, दोन वार, तीन वार म्हणणारा इथे कोणी नसतो, काम घड्याळच करतं. दुकानात भाव विकणारा लावतो, लिलावात तो घेणारे लावतात, आणि त्यासाठी निदान दोन घेणारे लागतात, कारण एकच गिऱ्हाईक आलं तर त्याची कितीही द्यायची तयारी असली तरी वस्तू पहिल्या बोलीलाच जाते. नवीन विक्रेत्याचे बहुतेक सगळे प्रश्न, कुठली वस्तू, किती किंमत, फोटो कसे, शेवटी याच दुसऱ्या माणसापाशी येऊन थांबतात.

या प्रकारातली सगळ्यात मोठी साइट ईबे. पियर ओमिद्यारने सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ती ऑक्शनवेब नावाने सुरू केली, १९९७ मध्ये नाव ईबे झालं. सुरुवातीला तिथे विकला गेलेला एक बिघडलेला लेझर पॉइंटर १४.८३ डॉलरला गेला होता, आणि तो बिघडलाय हे घेणाऱ्याला माहीत होतं, त्याला तसलेच हवे होते! (होणाऱ्या बायकोच्या पेझ गोळ्यांच्या डब्यांसाठी साइट काढली ही गोष्ट मात्र प्रसिद्धीसाठी रचलेली, ते नंतर कंपनीकडूनच उघड झालं, तरी लोक अजून सांगतात.) भारतात मुंबईची बाझी डॉट कॉम २००० मध्ये सुरू झाली, ती २००४ मध्ये ईबेने सुमारे ५ कोटी डॉलरला घेतली. पुढे २०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंदच पडली. त्यामुळे आज इथला माणूस ईबेवर विकतो म्हणजे मुख्यतः परदेशातल्या गिऱ्हाइकाला विकतो.

सगळ्या वस्तू लिलावाला टाकायच्या नसतात. मोबाइलचं कव्हर, चार्जर, नवीन कुर्ता, असलं काही ज्याचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे आणि जे दहा ठिकाणी मिळतं त्यावर कोण कशाला भांडेल, ते सरळ ठरलेल्या भावाने लावावं. ईबेनेही २००० मध्येच 'बाय इट नाऊ' आणलं आणि आता तिथली बहुतेक विक्री तशीच होते. लिलाव शोभतो तो ज्याचा भाव सांगताच येत नाही अशा मालाला, जुने कॅमेरे, फाउंटन पेनं, एलपी रेकॉर्डी, पोस्टाची तिकिटं, एचएमटीची घड्याळं.

टाकण्याआधी भाव बघायचा तो विकल्या गेलेल्या वस्तूंचा. शोधताना 'सोल्ड' असा फिल्टर लावता येतो, तो लावावाच. चालू लिस्टिंगमधल्या, म्हणजे अजून विकायला लावून ठेवलेल्या वस्तूंच्या, किमतींवर जाऊ नये, तिथे कुणीही काहीही आकडा लिहून बसतो आणि वस्तू वर्षभर तशीच पडून असते.

मग पहिली बोली किती ठेवायची? इथे नवे लोक घाबरतात आणि अपेक्षित भावाच्या जवळपासच सुरुवात करतात, म्हणजे दुसरा माणूस दारातूनच परत. कमी ठेवली तर माणसं जमतात पण वस्तू मातीमोल जायची भीती. राखीव किंमत, म्हणजे बोली तिथवर पोचली नाही तर वस्तू विकायची नाही असा गुपचूप आकडा, ठेवायची सोय असते पण तिला वेगळी फी पडते आणि ती दिसली की बरेच बोलीवाले फिरकत नाहीत. माझं मत विचाराल तर 'सोल्ड'मध्ये तशा वस्तूंवर पाच-सात बोल्या पडलेल्या दिसत असतील तर बिनधास्त कमी ठेवा, नसतील तर ज्याच्या खाली विकायचीच नाही तो आकडा ठेवा, आणि तो फार मोठा वाटत असेल तर लिलाव नकोच.

बोलीचं गणित समजून घ्यायला हवं नाहीतर शेवटच्या दिवशी उगाच जीव वरखाली होतो. घेणारा आपली जास्तीत जास्त रक्कम गुपचूप भरून ठेवतो आणि सिस्टिम त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत जाते. समजा बोली ९.९९ डॉलरला सुरू झाली, एकाने ३० भरलेत, दुसऱ्याने २२, तर भाव ३० नाही होत, २२ वर एक पायरी म्हणजे २२.५० होतो. पुन्हा तेच, भाव दुसऱ्याच्या खिशावर ठरतो. मुरलेले खेळाडू तर शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतात, त्याला स्नायपिंग म्हणतात आणि ईबेवर ते चालतं कारण तिथे वेळ वाढत नाही. ॲमेझॉनने पूर्वी लिलाव चालवले होते तिथे उशिरा बोली आली की मुदत १० मिनिटं पुढे सरकायची, त्यामुळे तिथे हा प्रकार बराच कमी होता. सहा दिवस बोली हलली नाही म्हणून लिस्टिंग काढून टाकायची घाई करू नये ती यासाठीच, आणि लिलाव संपायची वेळ गिऱ्हाइकाच्या देशातली संध्याकाळ धरून ठेवावी, आपली नव्हे.

फोटो आणि वर्णनावर भारतीय विक्रेत्याला जरा जास्तच मेहनत घ्यावी लागते, त्यालाही कारण आहे. जुन्या घड्याळांच्या जगात 'मुंबई स्पेशल' हा शब्द चांगल्या अर्थाने वापरत नाहीत. डायल नव्याने भडक रंगवलेली, सुटे भाग चार घड्याळांचे, आणि वर लिहिलेलं की ओरिजिनल, असं घड्याळ म्हणजे मुंबई स्पेशल. असला माल इतका गेलाय की भारतातून घड्याळ म्हटलं की जाणकार आधी संशयानेच बघतात. म्हणून झाकण उघडून आतल्या मशीनचा फोटो द्यावा, डायल रंगवलेली असेल तर तसं स्पष्ट लिहावं, ओरखडा असेल तर जवळून दाखवावा. रंगवलेल्या डायललाही गिऱ्हाईक असतं, फक्त त्याला आधी सांगितलेलं हवं. शीर्षकाला ८० अक्षरं मिळतात, त्यात कंपनी, मॉडेल, साल घाला, 'सुंदर' आणि 'दुर्मिळ' कुणी सर्च करत नाही.

दुसरा माणूस येईना तर तो आपणच व्हायचं, मित्राच्या खात्यातून बोली चढवायची, हा मोह जुना आहे. याला शिल बिडिंग म्हणतात, ईबेवर बंदी आहे आणि अनेक देशांत तो गुन्हाही आहे. २००० मध्ये अमेरिकेतल्या एका वकिलाने रिचर्ड डिबेनकॉर्न या नामांकित अमेरिकन चित्रकाराचं वाटेल असं खोटं चित्र २५ सेंटपासून लावलं, साथीदारांच्या बोल्याही पडल्या, चित्र १,३५,८०५ डॉलरवर गेलं, बातमी झाली, ईबेने सौदा रद्द केला आणि प्रकरण फेडरल कोर्टात गेलं.

खातं नवीन असलं की किती वस्तू टाकायच्या त्यावर मर्यादा असते आणि पैसेही काही दिवस अडकवून ठेवतात. त्यामुळे आधी स्वतः दोन-चार छोट्या वस्तू विकत घेऊन फीडबॅक, म्हणजे व्यवहारानंतर समोरचा आपल्याबद्दल लिहितो तो शेरा, जमवायचा, मग स्वस्तातली वस्तू विकायची, किमती माल नंतर. फीडबॅक १९९६ पासून आहे, पण २००८ पासून विक्रेत्याला गिऱ्हाइकाबद्दल वाईट लिहिता येत नाही, भांडण झालं तर ट्रॅकिंग नंबर हाच आपला साक्षीदार. ईबेची फी नुसत्या बोलीवर नाही तर पोस्टेज धरून एकूण रकमेवर लागते, आणि लोक नेमके इथेच फसतात. पार्सल बबल रॅपसकट बांधून आधी वजन करावं आणि मगच पोस्टेजचा आकडा टाकावा. भारतातल्या विक्रेत्याचे पैसे पेओनिअर या पैसे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत येतात. परदेशी पाठवायचं तर डीजीएफटी या सरकारी परदेशी व्यापार खात्याचा आयईसी नंबर, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, काढावा लागतो, तो ऑनलाइन निघतो.

नाण्यांचं मात्र सांभाळून. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रं खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हस्तलिखितांना तर ७५ वर्षांचीच मर्यादा आहे. म्हणजे घरातली शिवराई ईबेवर टाकून अमेरिकेला धाडायची नाही. देशातल्या देशातही पुरावस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागतं. आणि ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट लाखोंना घेतो म्हणून फोन आला, वर रजिस्ट्रेशनचे किंवा टॅक्सचे पैसे आधी भरा म्हणाले, तर तो लिलावच नव्हे. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे पैसे उकळायला लागले तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनेच पत्रक काढून सांगितलं की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि आमच्या नावाने कमिशन घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही.