रडल्याने अंडाशयाचा कर्करोग बळावत नाही

कोल्हापुरात अंडाशयाचा कर्करोग झालेल्या रुग्णाला भेटायला येणारी माणसे अंबाबाईचे कुंकू कपाळाला लावतात आणि निघताना हमखास बजावतात, "रडायचं नाही, मन खचलं की आजार बळावतो." हा समज मायेपोटी पसरला असला, तरी त्याला आधार नाही. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोके व मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची भावनिक स्थिती तपासली गेली, तेव्हा ती आणि जगण्याचा काळ यांत संबंध आढळला नाही. अंडाशयाचा कर्करोग उलटतो तो उपचारांतून तगलेल्या पेशींमुळे, रडण्याने नव्हे.

राजारामपुरीतल्या माझ्या मावशी सीए-१२५ चा, म्हणजे या कर्करोगावर लक्ष ठेवणाऱ्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री स्वच्छ डबे पुन्हा पुन्हा घासत बसत, कारण रडण्याची त्यांना मुभाच नव्हती, आणि आकडा वाढला की "मीच धीर सोडला" म्हणून स्वतःला दोष देत. वास्तविक हा आकडा इतर कारणांनीही वाढतो. शिवाय पाळी चालू असलेल्या स्त्रीचे दोन्ही अंडाशय काढल्यावर पाळी एकाएकी थांबते, अंगातून गरम वाफा येतात, झोप उडते, चिडचिड होते. त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, अन्न-झोप तुटली, तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावरही बोलता येते. उदासीवरचे उपचार घ्यायचे ते गाठीसाठी नव्हे, तर त्या बाईला रात्री झोप लागावी म्हणून.