बांगड्याने मांजरीला खाल्लं!

देवगडला बहिणीकडे गेलो होतो. आठवीतली भाची पडवीत बसून भाषांतर करत होती. वाक्य तिनेच दुपारच्या प्रकारावरून घेतलेलं: ‘बांगडा मांजरीने खाल्ला.’ वहीत उतरलं, ‘द मॅकरेल एट द कॅट’. म्हणजे बांगड्यानेच मांजरीला खाल्लं!

उत्तर चुकलं, पण त्यामागे पक्कं मराठी होतं. आपल्याकडे ‘ने’ खाणाऱ्याला चिकटलेला असतो. ‘मांजरीने’ वाक्यात कुठेही बसवा, खाणारी तीच. शिवाय कर्मणी प्रयोगात क्रियापद माशामागे जातं: बांगडा खाल्ला, सुरमई खाल्ली, पापलेट खाल्लं. मग पोरीने बांगड्यालाच कर्ता धरलं तर नवल काय? इंग्रजीत साध्या वाक्यात क्रियापदाआधी बसला तो कर्ता, नंतर बसलं ते कर्म. प्रत्ययाचं काम जागा करते.

पूर्वी असं नव्हतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पुल्लिंगी एकवचनी कर्त्याआधी ‘से’ यायचं, कर्माआधी ‘थोने’. त्यामुळे शब्द बरेच हलवता येत. पण आघात शब्दाच्या सुरुवातीला पडे, म्हणून शेवटचे प्रत्यय उच्चारात झिजत गेले. उत्तर इंग्लंडात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या सहवासाने ही झीज वाढली, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘से’, ‘थोने’ जाऊन एकटं ‘द’ उरलं आणि शब्दक्रम घट्ट झाला. जुना भेद आता ‘ही’ आणि ‘हिम’सारख्या सर्वनामांत दिसतो.

‘‘पण मामा, मला आधी बांगडाच सांगायचाय. आईने माझ्यासाठी ठेवलेला!’’

शैली सुरू होते ती इथे. ‘पॅसिव्ह व्हॉइस टाळा’ असं सरसकट सांगतात. मला ते पटत नाही. बोलणं बांगड्याचं चाललंय, तर ‘द मॅकरेल वॉज ईटन बाय द कॅट’ हेच चांगलं इंग्रजी. ओळखीचं पुढे, नवी बातमी शेवटी. इंग्रजी वाक्याचं वजन बहुधा शेवटी पडतं, मराठीचं क्रियापदाच्या अगदी आधी. तिच्या मूळ वाक्यात ‘मांजरीने’ नेमकं तिथेच होतं.

याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापला जाई. भाचीला म्हटलं, तू पण तसंच कर. तिने पानावर मधोमध रेघ मारली, डावीकडच्या ‘ने’भोवती लाल गोल काढला आणि उजवीकडे ‘कॅट’पर्यंत बाण ओढला.