‘आरएक्स’ची भानगड : १६ मिमी कॅमेरे आणि जुन्या वाइड लेन्स

जुनी १० मिमीची सी-माउंट (म्हणजे १६ मिमी सिने कॅमेऱ्याच्या आट्यांची) लेन्स समोर आली की मुरलेला गिऱ्हाईक आधी काच बघत नाही, कड्यावर ‘आरएक्स’ कोरलंय का ते बघतो. बुरशी, ओरखडे, अडकलेलं अ‍ॅपर्चर हे सगळं त्यानंतर. ‘आरएक्स’ म्हणजे रिफ्लेक्स, लेन्समधूनच बघायची सोय. या दोन अक्षरांचा उगम बोलेक्स या स्विस सिने कॅमेऱ्याबाबतच्या १९५६ सालच्या एका निर्णयात आहे, आणि तो बरोबर होता की नाही यावर आजही एकमत नाही.

त्याआधीचा काळ थोडक्यात. १६ मिमी फिल्म १९२३ मध्ये आली आणि सी-माउंटही त्याच दशकातला : एक इंच व्यास, इंचाला ३२ आटे, लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत १७.५२ मिमी. लेन्सच्या मागे शटर सोडलं तर काहीच नव्हतं, त्यामुळे वाइड लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता यायची. व्ह्यूफाइंडर बाजूला. जवळची वस्तू फाइंडरमध्ये एका जागी दिसायची आणि फिल्मवर सरकलेली यायची. फोकस कड्यावरचे आकडे वाचून लावायचा. लोकांनी तीस वर्षं असंच काढलं.

१९५२ मध्ये एका जर्मन १६ मिमी कॅमेऱ्यात शटरलाच आरसा बसवला गेला आणि लेन्समधून थेट बघता येऊ लागलं. १९३५ पासून चालत आलेल्या स्विस बोलेक्स एच१६ लाही मग तसंच काही करणं भाग होतं. स्विस कारखान्याने १९५६ मध्ये आरसा न घेता लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये कायमचा प्रिझम बसवला. शाळेतला लोलक डोळ्यांसमोर आणू नका, हा सुमारे ९.५ मिमी जाडीचा काचेचा ठोकळा आहे. तो थोडा प्रकाश वर फाइंडरकडे वळवतो, उरलेला फिल्मकडे जाऊ देतो.

फायदे खरे होते. चित्र सलग दिसतं, आरशाच्या शटरसारखं लुकलुकत नाही. चावीचा कॅमेरा लहानच राहिला. पण प्रकाशाचा जवळपास पाचवा हिस्सा फाइंडरमध्ये जातो, म्हणून सेकंदाला २४ फ्रेम असताना शटर प्रत्यक्षात १/६५ सेकंद उघडं असलं तरी लाइट मीटरवर १/८० लावायचं. डोळा आयपीसवर नसेल तर तिथूनही प्रकाश आत शिरून फिल्म खराब करू शकतो, त्यासाठी वेगळी झडप. हे सगळं सवयीचं होतं. वाइड लेन्सचं दुखणं मात्र तसं सुटणारं नव्हतं.

तिरप्या किरणांच्या वाटेत जाड सपाट काच आली की दोन गोष्टी होतात. एक, प्रतिमा काचेच्या साधारण एक तृतीयांश जाडीइतकी मागे सरकते. दोन, अ‍ॅपर्चर उघडं असेल तर कडेचे आणि मधले किरण एका बिंदूत भेटत नाहीत, चित्रावर पुसट धूसरपणा येतो. पहिलीचा बंदोबस्त कॅमेऱ्यातच आहे : रिफ्लेक्स बोलेक्समध्ये बैठक ते फिल्म हे अंतर २०.७६ मिमी ठेवलंय. हा आकडा वाचून ‘साधी सी-माउंट लेन्स इथे फोकसच होणार नाही’ असं ठासून सांगणारे अजून भेटतात. १७.५२ मध्ये प्रिझममुळे आलेले सव्वातीन मिलिमीटर मिळवा, हिशेब जुळतो. लेन्स फोकस होते. अडचण दुसऱ्या गोष्टीची आहे, आणि आरएक्स लेन्समध्ये दुरुस्ती आहे ती तिचीच. कारखान्याचा नियम असा : ५० मिमी आणि त्याखालच्या लेन्स आरएक्स घ्या, वरच्या कुठल्याही चालतील.

या नियमाला व्यापाराचा वास येतो, नाही म्हणत नाही. पण प्रकाशशास्त्र खोटं नव्हतं. १० मिमीची स्विटार (बोलेक्ससाठीची लेन्स) एफ/१.६ ला उघडली की फरक दिसतो. तीच एफ/४ च्या पुढे बंद केली, तर आरएक्स आणि बिनआरएक्स वेगळी ओळखून दाखवणारा मला अजून भेटायचाय. भर उन्हात एफ/८ ला काम करणाऱ्याने आरएक्ससाठी जादा पैसे मोजायचं काही कारण नाही. धोका वेगळाच : काही जुन्या वाइड लेन्सची शेपटी इतकी आत जाते की ती प्रिझमलाच घासते. लावण्यापूर्वी मोजून घ्यावं.

आणखी एक गैरसमज. वाइड लेन्सला डेप्थ (फोकसमध्ये राहणारी खोली) भरपूर, म्हणून माउंट थोडा हलला तरी चालतं, असं म्हणतात. उलट आहे. १० मिमीची लेन्स बैठकीत ०.०५ मिमी, म्हणजे केसाहूनही कमी, पुढे आली तर कडं अनंतावर असूनही तिचा फोकस दोन मीटरवर येतो. ७५ मिमीला तेवढ्याच चुकीने तो शंभर मीटरच्या पलीकडे राहतो. फाइंडरमधलं वाइडचं चित्र इतकं बारीक की डोळ्याला चूक पकडता येत नाही, म्हणून आपण कड्यावरच्या आकड्यांवर विसंबतो, आणि आकडेच चुकलेले असतात. जुनी लेन्स ‘सॉफ्ट’ आहे अशी तक्रार आली की मी आधी माउंट तपासायला सांगतो.

एच८ आरएक्सचा घोळ त्याहून वाईट. ८ मिमीच्या रिफ्लेक्स बोलेक्सला आटे सी-माउंटचेच, पण अंतर १५.३ मिमी. त्याची ५.५ मिमीची स्विटार बघून १६ मिमीवाल्याला घबाड मिळाल्यासारखं वाटतं. ती बसते व्यवस्थित, पण दूरचं काहीही फोकसमध्ये येत नाही आणि चित्राचं वर्तुळ ८ मिमीपुरतंच असतं.

१९७० च्या सुमारास एका स्वीडिश छायाचित्रकाराने सुपर १६ आणलं. फ्रेमची रुंदी १०.२६ वरून १२.५२ मिमी झाली, तीही एकाच बाजूला वाढून, म्हणजे लेन्सचा मध्य मिलिमीटरभर सरकवणं आलं. लांब लेन्स बहुतेक तरल्या, जुन्या वाइड लेन्सचे कोपरे काळे पडू लागले. सुपर ८ मध्ये तर प्रश्नच निराळा : बहुतेक कॅमेऱ्यांना न निघणारा झूम, त्याचं वाइड टोक ७-८ मिमी, आणि ७ मिमी म्हणजे ३५ मिमी स्टिल कॅमेऱ्याच्या हिशेबात साधारण ४३ मिमी. त्याला वाइड म्हणणं हे धाडसच.

२००८ नंतर मिररलेस कॅमेरे आले, सी-माउंटचे अडॅप्टर निघाले. २०१३ मध्ये जवळपास सुपर १६ एवढ्याच सेन्सरचा खिशात मावणारा सिने कॅमेरा आला आणि कपाटात पडलेल्या १० मिमीच्या लेन्सना भाव चढला. आरएक्सला सगळ्यात जास्त, कारण ती अक्षरं दर्जाची खूण आहेत असा समज पसरला. डिजिटल कॅमेऱ्यात तो प्रिझम नाही, त्यामुळे तिथे आरएक्स लेन्सची दुरुस्ती उलटीच पडते आणि उघड्या अ‍ॅपर्चरला साधी स्विटारच जास्त स्वच्छ दिसायला हवी. चावीचा बोलेक्स घेऊन फिल्मवर काम करणाऱ्याला मात्र तीच आरएक्स लेन्स आता चढ्या भावाने घ्यावी लागते.