पंप थांबले की खाणीतली जमीन बदलायला लागते

बंद पडलेल्या ओपनकास्ट कोळसा खाणींचे 'आधी आणि आता' असे फोटो सारखे फिरत असतात, डावीकडे काळा उघडाबोडका खड्डा, उजवीकडे हिरवंगार रान नाहीतर निळंशार तळं, आणि खाली ठरलेली कमेंट, माती टाका, झाडं लावा, झालं काम. हे वाचून मला दरवेळी राहवत नाही, कारण सगळ्यात अवघड काम फोटोत दिसतच नाही. ते त्या हिरवळीखालच्या भरावात असतं.

कोळशापर्यंत पोचायला वरची माती, वाळू, खडक सगळं उपसतात, त्याला ओव्हरबर्डन म्हणतात, आणि खाण पुढे सरकते तसा हा माल मागच्या रिकाम्या भागात ओतत जातात. लाखो वर्षं दबून बसलेला थर एकदा उकरला की फुगतो आणि परत ओतला तरी पहिल्यासारखा बसत नाही, कण एकमेकांवर कसेबसे टेकलेले आणि मधे भरपूर पोकळ्या. खाण चालू असेपर्यंत पंप दिवसरात्र पाणी उपसत असतात म्हणून हे सगळं कोरडं राहतं. पंप थांबले की भूजल वर्षानुवर्षं हळूहळू वर चढतं आणि त्या पोकळ्या भरतात.

आता जरा सावकाश वाचा. भराव वाळूचा आहे, पाणी वरपर्यंत आलंय, आणि आपण 10 मीटर खोलीवरचा एक चौरस मीटर तुकडा बघतोय. त्याच्यावर पाण्यासकट वाळूचं वजन साधारण 20 टन. त्यातलं 10 टन पाण्याचा दाब पेलतो, उरलेलं 10 टन वाळूचे कण एकमेकांना टेकून पेलतात. जमिनीची ताकद फक्त या दुसऱ्या 10 टनांतून येते, कारण घर्षण कणाकणांत असतं, पाणी बाजूला सरकायला काहीच विरोध करत नाही. (अभियंते कार्ल तेरझागी यांनी 1920 च्या दशकात मांडलेलं हे तत्त्व, माती भार कसा पेलते याचं अख्खं शास्त्र, मृदा यांत्रिकी, यावर उभं आहे.) आता सैल वाळूला धक्का बसला, एखादा जड ट्रक गेला किंवा कडेची थोडी माती घसरली, की कण खाली बसायला बघतात, पण मधल्या पाण्याला एवढ्या पटकन निघून जायला वाटच नसते, म्हणून वजन कणांवरून पाण्यावर जातं, पाण्याचा दाब 10 वरून 12, 15, शेवटी 20. कणांच्या वाट्याला उरलं शून्य. घर्षण संपलं, जमीन पातळ झाली आणि वाहायला लागली! एक भाग वाहिला की शेजारच्याचा आधार जातो, मग तोही वाहतो. आणि गंमत म्हणजे तीच वाळू घट्ट बसलेली असेल तर उलटं होतं, कणांना सरकायला आधी एकमेकांवर चढावं लागतं, त्यामुळे पोकळ्या वाढतात, पाण्याचा दाब कमी होतो आणि वाळू आणखी मजबूत होते.

जर्मनीतल्या लाउझिट्झ भागात लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, जुन्या खाणींवर हे खरंच घडलंय. 2010 मध्ये तिथे बर्गन गावाजवळ जमीन पातळ होऊन चरणाऱ्या मेंढ्यांचा कळपच गाडला गेला. झेनफ्टेनबर्ग तलाव हा 1973 पासून लोक पोहायला जातात असा खाणीचा तलाव, पण 2018 मध्ये त्यातल्या बेटाचा काठ घसरला आणि सगळा तलाव बंद करावा लागला. जर्मनीतल्याच पण लाउझिट्झबाहेरच्या, सॅक्सनी-आनहाल्ट राज्यातल्या नाख्टरश्टेट गावात 2009 साली खाणीच्या तलावाच्या काठावरची घरं तलावात गेली, 3 माणसं दगावली, तिथे खालच्या थरातल्या भूजलाचा दाबही कारण होता. अशा जागांना लोक शापित म्हणतात, जमीन बळी मागते म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो, कारण शाप म्हटलं की पाण्याचा दाब कोणी मोजत नाही आणि पुढचा अपघात टाळायची संधी जाते.

उपाय म्हणजे वाळू आधीच आपल्या हाताने बसवायची. क्रेनला टांगलेला लांबलचक व्हायब्रेटर खोल सोडून थरथरवत वर काढतात, नाहीतर भोकं पाडून खाली छोटे स्फोट करतात. सगळीकडे हे करणं परवडत नाही म्हणून काठालगत एक पट्टा घट्ट करतात, तोच जमिनीत लपलेलं धरण बनून मागची सैल वाळू अडवतो. तलाव करायचा असेल तर नदीचं पाणी सोडून पटापट भरतात, म्हणजे पाण्याचा दाब आतून काठाला आधार देतो, नाहीतर भूजल काठातून आत झिरपत राहतं आणि उतार पोखरतं.

बरं, मग वरपासून खालपर्यंत सगळंच रोलरने दाबून टाकू, असंही नाही. अमेरिकेत 1977 च्या कायद्यानंतर खाणी भरून उतार सारखे करणं सक्तीचं झालं, तेव्हा घसरण टाळायला वरचा थरसुद्धा डोझरने इतका दाबला गेला की अॅपलाचियात, म्हणजे पूर्वेकडच्या डोंगराळ कोळसा पट्ट्यात, कितीतरी ठिकाणी गवत आलं पण झाडांची मुळंच आत जाईनात. आता तिथले वनतज्ज्ञ सांगतात की वरचा निदान 1.2 मीटर थर सैल ठेवा, डोझर कमीत कमी फिरवा, पृष्ठभाग खडबडीत दिसला तरी चालेल. म्हणजे धक्का सोसायला खाली घट्ट, मुळं जायला वर सैल, आणि ट्रक-डोझर शेवटी एकदा त्या वरच्या थरावरून बाहेर पडले की परत त्यावर चढवायचे नाहीत.