तरंगत्या पवनचक्कीचं संगणकातलं जुळं

पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या व्हियाना दो कास्तेलो बंदरापासून सुमारे 20 किलोमीटरवर, अटलांटिक महासागरात तीन पवनचक्क्या तरंगत उभ्या आहेत. ‘विंडफ्लोट अटलांटिक’ हा तो प्रकल्प. 2020 पासून पूर्ण क्षमतेनं चालणाऱ्या या तिघींची मिळून क्षमता 25 मेगावॉट. तिथं पाणी साधारण 100 मीटर खोल आहे. इतक्या खोलात तळाशी पाया घालणं परवडत नाही, म्हणून प्रत्येक पवनचक्की साखळदंडांनी तळाशी जखडलेल्या पोलादी तराफ्यावर बसवली आहे. तराफ्याच्या तीन कोपऱ्यांत तीन पोकळ खांब, त्यांतल्या एकावर मनोरा.

अशा तराफ्याचा आराखडा करताना वारा, लाटा आणि यंत्र यांचा वेगवेगळा हिशेब मांडून भागत नाही. वारा फार वाढला की नियंत्रक पाती किंचित वळवतो आणि जादा वारा सोडून देतो. जमिनीवर हे बिनबोभाट चालतं. तरंगता मनोरा मात्र लाटेनं वारा येतो त्या बाजूला झुकला, की पात्यांना वारा वाढल्यासारखाच वाटतो. नियंत्रक पाती वळवतो, वाऱ्याचा रेटा घटतो आणि मनोऱ्याला आवरणारं बळच कमी पडतं. तो आणखी झुकतो. मागे जाताना याच्या उलट घडतं, आणि झोके शमण्याऐवजी वाढत जातात. हा धोका लोखंड कापण्याआधीच संगणकावर पकडावा लागतो. त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनं घडवलेली ‘ओपनफास्ट’ ही प्रणाली कुणालाही मोफत वापरता येते.

पण आराखड्याचं गणित तराफा पाण्यात उतरला की थांबतं. डिजिटल जुळं, म्हणजे तराफ्याची संगणकातली प्रतिकृती, तिथून पुढेही चालत राहतं. ते समुद्रातल्या त्या एकाच तराफ्याचं असतं आणि त्याच्यावरच्या संवेदकांकडून झुकाव, हालचाल, साखळदंडांवरचा ताण यांची मोजमापं घेत स्वतःला दुरुस्त करतं.

मला यातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं ते न दिसणारी झीज ओळखण्याचं. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसं वर्षानुवर्षं लाटा खाऊन वेल्डिंगचे सांधे थकतात. प्रत्येक सांध्यावर संवेदक लावणं अशक्य. मग मोजक्या ठिकाणची मोजमापं आणि भौतिकशास्त्राची समीकरणं जोडून बाकीच्या सांध्यांवरचा ताण काढतात. विंडफ्लोटचे निर्माते प्रिन्सिपल पॉवर आणि अक्सेलोस ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी ‘डिजिफ्लोट’ प्रकल्पात हेच हाती घेतलं. नॉर्वेजवळच्या ‘टेट्रास्पार’ या 3.6 मेगावॉटच्या प्रायोगिक पवनचक्कीच्या जुळ्यानं काढलेले मनोऱ्यावरचे ताण प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिले गेले, आणि तो अभ्यास खुलेपणानं प्रसिद्धही झाला. अशी पडताळणी उघड झाली नाही, तर जुळ्यावर कितपत विसंबायचं हे बाहेरच्या अभियंत्यांना कळणार कसं?

झीज आधी कळण्याला इतकं महत्त्व का, हे स्कॉटलंडजवळच्या ‘हायविंड’कडे पाहिलं की उमगतं. 2017 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या पाचही पवनचक्क्या 2024 मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी उत्तर समुद्र ओलांडून नॉर्वेला ओढत न्याव्या लागल्या. अशा फेरीला शांत हवामानाचे सलग दिवस हवेत, मोकळा धक्का हवा, आणि तितके दिवस वीजही बुडते. नव्या प्रकल्पात शंभर तराफे असतील, तर कुठला कधी बंदरात आणायचा आणि धक्क्यावर एका वेळी किती जागा लागेल, हे बांधणीआधीच आखावं लागेल. त्या आखणीला आज तरंगणाऱ्या तराफ्यांच्या जुळ्यांनी जमवलेली झिजेची नोंद लागते.