रेटिंगचा ‘के’ आणि ड्रोनचा ‘के’

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये भाच्याची बुद्धिबळाची रेटिंग स्पर्धा होती आणि मी बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी, त्याची पाण्याची बाटली सांभाळत बसलो होतो. ऑपरेशन सिंदूर नुकतंच झालेलं, त्यामुळे पालकांमध्ये विषय एकच: ड्रोन. एकांनी मोबाइल पुढे केला. आदल्या संध्याकाळचा फोटो, आकाशात ठळक पांढरा ठिपका आणि खाली ‘सावध राहा, पुढे पाठवा’. फोटो पश्चिमेचा होता, वेळ सूर्यास्तानंतर पाऊण तासाची. त्या दिवसांत तिथे गुरू ग्रह दिसत होता. मी तसं सांगितलं, तर शेजारच्या बाई म्हणाल्या, “गुरू होय! आमच्या ह्याला सध्या गुरुबळच नाही, म्हणून तर हरतोय.” ड्रोनच्या भीतीतून सोडवलेला माणूस थेट पत्रिकेत जाऊन पडला.

तेवढ्यात भाचा बाहेर आला, तोंड एवढंसं करून. डाव बरोबरीत सुटला होता. “मामा, मी हरलोच नाही ना? मग माझे दहा गुण का गेले?”

त्याचं रेटिंग १६५०, समोरच्या मुलीचं १४५०. गुण का गेले हे त्याला पाण्याच्या बाटलीच्या लेबलामागे लिहून दाखवता दाखवता मला एक गंमत आठवली. या पोराचे दहा गुण कापणारं सूत्र आणि ज्यांच्याबद्दल बाहेर एवढी चर्चा चालली होती त्या ड्रोनला हवेत आपली जागा शोधून देणारं सूत्र, दोन्हींचा सांगाडा एकच आहे.

आधी रेटिंगचं बघू. रेटिंग म्हणजे बुद्ध्यांक, असा बऱ्याच आईवडिलांचा समज असतो. तसं काही नाही. रेटिंग हा फक्त एक अंदाज आहे, दोन खेळाडू समोरासमोर बसले तर कोणाला किती गुण मिळतील याचा. दोघांत २०० गुणांचं अंतर असेल तर वरच्याला दर डावामागे सरासरी ०.७६ गुण मिळावेत, अशी अपेक्षा. जिंकलं तर १, बरोबरीला अर्धा. भाच्याकडून अपेक्षा ०.७६ ची होती, मिळाले ०.५. म्हणजे ०.२६ चा अपेक्षाभंग. या अपेक्षाभंगाला एका आकड्याने गुणायचं आणि जुन्या रेटिंगमध्ये मिळवायचं. त्या आकड्याला ‘के’ म्हणतात. अठरा वर्षांखालच्या, २३०० पेक्षा कमी रेटिंग असलेल्या मुलांसाठी के ४० असतो. चाळीस गुणिले उणे ०.२६, म्हणजे उणे १०.४. गेले दहा गुण.

नवा अंदाज = जुना अंदाज + के × अपेक्षाभंग.

एवढंच सूत्र. हे लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

वरच्या पातळीवर हेच सूत्र कसं वागतं ते पाहण्यासारखं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेशने तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेनला ७.५–६.५ असं हरवलं आणि अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. सामन्याआधी गुकेशचं रेटिंग २७८३ होतं, डिंगचं २७२८. पंचावन्न गुणांच्या अंतराला दर डावामागे अपेक्षा ०.५८, चौदा डावांत ८.१. गुकेशने मिळवले साडेसात. म्हणजे ज्या सामन्याने तो जगज्जेता झाला, त्याच सामन्याने त्याचे सहा गुण कापले! सगळा देश नाचत होता आणि सूत्र मात्र म्हणत होतं, ‘आम्हाला तुझ्याकडून जरा जास्त अपेक्षा होती.’ उलट उदाहरण आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीचं. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत (जगज्जेत्याचा आव्हानवीर हिच्यातून ठरतो) त्याने अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला दोनदा हरवलं, त्यातलं पहिल्यांदा तर काळी मोहरी घेऊन. रेटिंगमध्ये तो नाकामुराच्या साठेक गुण मागे होता, त्यामुळे दर विजयाला त्याला जवळपास सहा गुण मिळाले.

आता मुद्द्याचा प्रश्न. विदितला सहा गुण आणि भाच्याला बरोबरीचा फटका दहाचा, असं का? कारण २४०० चा टप्पा एकदा गाठलेल्या खेळाडूचा के १० असतो. मधल्या पायरीवर २०, नवख्यांना आणि मुलांना ४०. हजारो डाव खेळलेल्या माणसाबद्दल आपल्याला बरीच खात्री असते, एका निकालाने मत फार हलवायचं नसतं. तेरा वर्षांच्या मुलाबद्दल कुणालाच काही ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक निकाल गांभीर्याने घ्यायचा. के म्हणजे आपल्याच जुन्या मतावरचा अविश्वास. जितका अविश्वास मोठा, तितका के मोठा.

ही पद्धत अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची. जन्म हंगेरीतला, नोकरी अमेरिकेत. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने ती १९६० मध्ये स्वीकारली, जागतिक महासंघाने १९७० मध्ये. त्याच १९६० साली रुडॉल्फ काल्मान या अभियंत्याचा एक शोधनिबंध छापून आला. जन्म बुडापेस्टचा, तोही अमेरिकेत स्थायिक. त्या निबंधातल्या पद्धतीला आज काल्मान फिल्टर म्हणतात. अपोलो यानांना चंद्राच्या वाटेवर आपली जागा समजली ती याच्या जोरावर, आणि आज लग्नात फोटो काढणाऱ्या ड्रोनपासून सीमेवर सोडलेल्या ड्रोनपर्यंत बहुतेकांच्या पोटात तोच आहे. त्यातही गुणकाचं अक्षर के! अक्षर जुळणं हा योगायोग. सूत्र जुळणं हा नाही.

टीव्हीवरचे निवेदक ड्रोनयुद्धाला बिनदिक्कत ‘आकाशातलं बुद्धिबळ’ म्हणतात. शिवाय ‘एआय ड्रोन’ हा शब्द मिनिटाला दोनदा. पण बुद्धिबळाच्या पटावर एक गोष्ट कुणालाही विचारावी लागत नाही: माझा घोडा आत्ता कुठे आहे? तो त्या घरात असतो, दोघांनाही दिसतो, विषय संपला. ड्रोनची निम्मी अक्कल याच प्रश्नावर खर्च होते.

त्याच्याकडे दोन साक्षीदार असतात. पहिला पोटातला: त्वरण आणि वळण मोजणाऱ्या इवल्याशा चिप. त्या सेकंदाला शेकडो वेळा सांगतात की आपण इतक्या जोराने इकडे ढकललो गेलो. त्यावरून वेग, वेगावरून अंतर. अंधारात डोळे मिटून पावलं मोजत रविवार कारंजावरून पंचवटीकडे निघालेल्या माणसासारखं. दुसरा साक्षीदार वरचा, म्हणजे जीपीएस. तो सेकंदाला मोजक्याच वेळा बोलतो आणि त्याचंही बोलणं काही मीटर इकडेतिकडे असतं.

समजा पहिला म्हणतो, आपण १०० मीटरवर आहोत, चूक ४ मीटरची असू शकते. दुसरा म्हणतो ११० मीटर, चूक ३ मीटरची. कोणाचं ऐकायचं? काल्मान म्हणतो, दोघांचंही, पण ज्याच्या त्याच्या लायकीप्रमाणे. चुकांचे वर्ग करा: १६ आणि ९. आपलं मत म्हणजे पहिल्याचं, त्यावरचा अविश्वास १६, एकूण अविश्वास २५. के = १६/२५ = ०.६४. अपेक्षाभंग १० मीटरचा. नवा अंदाज १०० + ०.६४ × १० = १०६.४ मीटर. आणि या नव्या अंदाजातली चूक? १६ मधून त्याचा ०.६४ हिस्सा वजा करा, उरले ५.७६, वर्गमूळ २.४. एक साक्षीदार चार मीटर चुकणारा, दुसरा तीन मीटर, आणि दोघांना समोरासमोर बसवल्यावर चूक २.४ मीटर! दोघांपेक्षाही कमी. मी हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा दोनदा तपासलं होतं.

खऱ्या ड्रोनमध्ये अर्थात एकच आकडा नसतो. जागेचे तीन, वेगाचे तीन, कलण्याचे, चिपच्या स्वतःच्या खोडींचे, वाऱ्याचे. आर्डुपायलट या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये असे २४ आकडे एकत्र हाकले जातात. त्यात मौज अशी की या आकड्यांच्या चुका एकमेकींत गुंतलेल्या असतात. ड्रोन आपण सपाट आहोत असं समजतोय आणि प्रत्यक्षात एका अंशाने कललाय, तर गुरुत्वाकर्षणाचा एक छोटा हिस्सा, ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग, त्याला आडव्या ढकलण्यासारखा भासतो. म्हणून जीपीएसने जागेची चूक दाखवली की फिल्टर जागा तर सुधारतोच, शिवाय ‘म्हणजे मी कललेलो असणार’ असं ओळखून कलही सुधारतो. कल कुणी मोजून सांगितलेला नसताना! या गुंतागुंतीची नोंद २४ × २४ च्या एका मोठ्या कोष्टकात ठेवलेली असते आणि के हा साधा आकडा न राहता स्वतःच एक कोष्टक होतो. (हा परिच्छेद भाच्याला ऐकवला तेव्हा तो वडापाव आणायला गेला. तुम्हीही गेला असाल तर इथून पुढे परत या.)

आता दुसऱ्या साक्षीदाराचं तोंड दाबलं तर? ते फार अवघड नाही. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर. तिथून निघालेला संदेश जमिनीवर पोचतो तेव्हा त्याची शक्ती उरते एका वॅटला एकावर सोळा शून्यांनी भागल्यावर जी येईल तेवढी. काही वॅटचा जॅमर उघड्या माळावर दहा किलोमीटर लांबून त्याच्या हजारो पट मोठ्याने ओरडू शकतो. मग फिल्टर दुसऱ्या साक्षीदारावरचा के शून्यावर आणतो आणि एकटा पहिला उरतो. त्याची चूक शाळेतल्या अर्धा ए टी वर्गाने वाढते. त्वरणात फक्त ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्गाची खोड असली तर एका मिनिटात १८ मीटर. दहा मिनिटांत १८० नाही, १८०० मीटर. वेळ दहापट, चूक शंभरपट. नाशिककराला सांगायचं तर साधारण रामकुंड ते सीबीएस.

जॅमरपेक्षा वाईट म्हणजे खोटा जीपीएस. तो गप्प बसवत नाही, शांतपणे खोटं बोलतो. एकदम दोन किलोमीटरची थाप मारली तर अपेक्षाभंग इतका मोठा येतो की फिल्टर ती साक्ष फेकून देतो. पण दर सेकंदाला अर्धा-अर्धा मीटर सरकवत नेलं, तर प्रत्येक थाप पटण्याजोगी असते.

आणि इथेच हा विषय ड्रोनपुरता राहत नाही. जॅमरला आपला-परका कळत नाही. तो आख्खा टापू आंधळा करतो, त्यात विमानं, जहाजं, मोबाइल, शेतातली यंत्रं सगळं आलं. एस्टोनियातल्या तार्तू गावावर कुणी ड्रोन सोडलेला नव्हता. तरी २०२४ मध्ये फिनएअरला तिथली उड्डाणं महिनाभर बंद ठेवावी लागली, कारण तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवर होती आणि जीपीएस बिघडवलं जात होतं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या आसपास, विमानांच्या जीपीएसमध्ये ढवळाढवळ झाल्याच्या ४६५ घटना सरकारने लोकसभेत सांगितल्या. मे २०२५ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ प्रवाशांसाठी बंद होते. युक्रेनमध्ये तर जॅमिंगला कंटाळून दोन्ही बाजूंनी काही ड्रोनमध्ये रेडिओच सोडला. असा ड्रोन आपल्यामागे केसासारखी काचेची तार सोडत जातो, किलोमीटरच्या किलोमीटर, आणि चालवणारा त्या तारेतून येणारं चित्र बघून तो हाकतो. ती तार गोळा करायला कुणी येत नाही. शेतांवर, झाडांवर तिची जाळी पसरलीय.

नाशिकला हे सगळं अगदीच परकं नाही. ओझरला एचएएलच्या कारखान्यात सुखोई लढाऊ विमानं तयार झाली, देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. गोळा पुढे पडला, मागे पडला, निरीक्षक दुरुस्ती कळवतो, पुढचा गोळा त्या दोघांच्या मध्ये: ही तोफखान्याची जुनी रीत म्हणजेही अपेक्षाभंगावरून अंदाज सुधारणंच. के डोक्यात ठेवून केलेलं. आणि दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेवर फवारणी करणारा ड्रोन ओळ सोडत नाही, तो वरच्या आणि पोटातल्या अशा दोन्ही साक्षीदारांच्या भरवशावर.

आता एलोंच्या पद्धतीबद्दल माझी एक तक्रार. काल्मानच्या फिल्टरमध्ये बराच वेळ जीपीएस आलं नाही की आपल्या मतावरचा अविश्वास आपोआप वाढत जातो, आणि जीपीएस परत आल्यावर के मोठा असतो. जागतिक महासंघाच्या रेटिंगला हे सुचत नाही. खेळाडू वर्षभर पटापासून लांब राहिला, आजारी पडला, तरी त्याचा के दहाच. जगज्जेतेपद मिळवल्यावर डिंग फार कमी खेळला. त्याच्या २७२८ या आकड्यावर सिंगापूरला किती विश्वास ठेवायचा, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ही त्रुटी ओळखून मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञाने ग्लिको नावाची पद्धत काढली. तिच्यात प्रत्येक रेटिंगबरोबर त्याची अनिश्चितताही ठेवतात, आणि न खेळता दिवस गेले की ती वाढते. ऑनलाइन खेळणारी मुलं ती रोज वापरतात. बऱ्याच महिन्यांनी लॉगिन केलं की पहिल्या डावाला रेटिंग जास्त हलतं, ते यामुळे.

भाच्याला हे सांगितलं. त्याने वडापावचा कागद उलटा केला आणि पुढच्या फेरीचं गणित मांडलं. समोर १८५० चा खेळाडू होता. “अपेक्षा ०.२४,” तो म्हणाला, “जिंकलो तर ३०.४, ड्रॉ केला तरी दहा परत.” मग बाटली घेऊन आत गेला.

ड्रॉ झाला.