ज्यूरीच्या दिवसांचा पगार: एक खुलासा
अमेरिकेत न्यायालयाचे ज्यूरीसाठी बोलावणे आले की तेवढ्या दिवसांचा पगार मालकाने दिलाच पाहिजे, असा समज तिथल्या नोकरदारांत, नव्याने नागरिक झालेल्या मराठी मंडळींतही, पक्का बसलेला आहे. (ग्रीन कार्डधारकांना हा प्रश्नच येत नाही, ज्यूरीवर फक्त नागरिक बसतात.) हा समज चुकीचा आहे. किमान वेतन आणि ओव्हरटाइम ठरवणारा १९३८ चा संघीय कायदा न केलेल्या कामाचा पगार देण्याची सक्ती करत नाही, आणि ज्यूरीची हजेरी त्यातच मोडते. संघीय न्यायालयात ज्यूरी म्हणून गेल्याबद्दल कामावरून काढण्यास वेगळ्या कायद्याने मनाई आहे. नोकरी शाबूत राहते म्हणजे पगारही चालू राहतो, अशी गल्लत बहुधा इथूनच झाली असावी.

राज्यांचे नियम निराळे. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले तीन दिवस मालक नेहमीचा पगार देतो, पुढे राज्य दिवसाला ५० डॉलर देते. कॅलिफोर्नियात खासगी मालकावर असे बंधन नाही.

खरी मेख आहे ती ओव्हरटाइम लागू नसलेल्या पगारदारांच्या बाबतीत. अशा कर्मचाऱ्याने सोमवारी काम केले आणि मंगळवार ते शुक्रवार तो संघीय न्यायालयात बसला, तर आठवड्याचा पगार कापता येत नाही, मात्र न्यायालयाकडून रोजच्या ५० डॉलरप्रमाणे मिळालेले २०० डॉलर मालक त्यातून वजा करू शकतो. आठवडाभर कामच केले नाही, तर हे संरक्षणही लागू होत नाही.